उभं राहायला तयार झालेली माणसं

लार्ज फॉरमॅट कॅमेरा लपवता येत नाही. लाकडी चौकट, मधे घड्याघड्यांचा भाता, पुढे लेन्स, मागे दुधी काच आणि हे सगळं पेलणारा जाडजूड ट्रायपॉड. रस्त्याच्या कडेला तो उभा केला की थोड्याच वेळात कुणीतरी जवळ येतंच. जमिनीची मोजणी चाललीय का, हा बहुतेकदा पहिला प्रश्न असतो. मग, हा कॅमेरा आहे का, अजून चालतो का, याची फिल्म कुठे मिळते. आमच्या आजोबांकडे असला होता, हेही पुष्कळांना आठवतं. मी कुणाकडे जाण्याआधी माणसंच माझ्याकडे आलेली असतात. अनोळखी माणसांचे फोटो काढायचं माझं काम या चौकशांतूनच सुरू होतं.

त्याआधी मी लहान कॅमेऱ्याने रस्त्यावर फोटो काढायचे. ३५ मिलिमीटरची फिल्म, एका रोलमध्ये ३६ फोटो, चालता चालता नेम धरायचा आणि समोरच्याला कळायच्या आत पुढे निघून जायचं. हे काम उत्तम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. नजर आणि पाय दोन्ही एका वेळी चालवणं सोपं नाही. पण त्यात एक गोष्ट मला सलत राहिली. त्या माणसाला पत्ताही नसतो आणि त्याचा चेहरा आपल्यासोबत घरी आलेला असतो. पुढे आपण तो चेहरा मोठा करून बघतो, त्याच्याविषयी तर्क करतो, कधी चारचौघांना दाखवतो. त्याच्या बाजूने या सगळ्यात काहीच घडलेलं नसतं.

मोठ्या कॅमेऱ्याला समोरच्या माणसाचा वेळ लागतो, आणि वेळ असा चोरून घेता येत नाही, मागावाच लागतो. म्हणून मला हा कॅमेरा जवळचा वाटला. निगेटिव्ह मोठी असते हे तर आहेच. ४×५ इंचांची निगेटिव्ह ३५ मिलिमीटरच्या सुमारे पंधरापट, ८×१० इंचांची तर साठपट. तिच्यात त्वचेचा पोत, कापडाची वीण, डोळ्यात पडलेलं समोरच्या आकाशाचं प्रतिबिंब असं सगळं उतरतं. पण नुसत्या बारकाव्यांसाठी एवढं ओझं मी वाहिलं नसतं.

काम कसं चालतं ते सांगते, कारण माझं म्हणणं या क्रमातच दडलेलं आहे. फिल्म सुट्या शीटच्या रूपात असते. एका होल्डरमध्ये दोन शीट, दोन बाजूंना एकेक. आधी लेन्स उघडी ठेवून काळ्या कापडाखाली शिरायचं. दुधी काचेवर माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर, उजवीकडचं डावीकडे. सुरुवातीला हे विचित्र वाटतं. पुढे त्याची मदतच होते, कारण उलटा चेहरा आपण चटकन वाचू शकत नाही. तो हसतोय की नाही याकडे लक्षच जात नाही. दिसते ती खांद्याची रेघ, हातांची जागा, गालावरून मानेकडे उतरणारा उजेड. चाक फिरवून लेन्स पुढेमागे सरकवायची, काचेला भिंग लावून पापण्या तपासायच्या. फोकस डोळ्यांवर बसला की कापडाबाहेर यायचं. शटर बंद करायचं, छिद्र हवं तेवढं बारीक करायचं, शटरची कळ ताणायची. होल्डर मागे सरकवायचा. मग त्याची काळी स्लाईड, म्हणजे फिल्म झाकणारी पातळ पट्टी, ओढून काढायची. आता फिल्म उघडी आहे, आणि जिथे मघाशी चित्र दिसत होतं तिथे होल्डर बसलाय. कॅमेऱ्यातून काहीही दिसत नाही.

म्हणजे फोटो निघतो त्या क्षणी फोटो काढणारी व्यक्ती कॅमेऱ्यातून बघतच नसते. ती केबलचं बटण हातात धरून कॅमेऱ्याच्या शेजारी उभी असते आणि समोरच्या माणसाकडे सरळ, उघड्या डोळ्यांनी बघत असते. मधे काच नाही, चौकट नाही. तोही तिच्याकडे बघतो. आता चित्रात काय आहे हे दोघांनाही दिसत नाही. फोकस मघाशी लावला होता तो अजून तिथेच असेल, कारण तो माणूस अजून तिथेच असेल, या भरवशावर बटण दाबायचं असतं.

हा भरवसा किती बारीक असतो ते आकड्यांत सांगता येईल. ४×५ वर १५० मिलिमीटरची लेन्स नेहमीची. तिचं छिद्र एफ/५.६ वर (हा आकडा जितका लहान तितकं छिद्र मोठं) पूर्ण उघडं ठेवून पावणेदोन मीटरवरच्या माणसाचा फोटो काढला, तर स्पष्ट दिसणारा पट्टा जेमतेम वीतभर जाडीचा, बरेचदा त्याहून कमी. डोळे धारदार असतील तर कानामागचे केस विरघळायला लागतात. ८×१० वर ३०० मिलिमीटरची लेन्स लावली की हाच पट्टा आणखी निम्म्यावर येतो. माणसाने श्वास सोडताना अंग किंचित मागे टाकलं, तर फोकस पापणीवरून भुवईवर, कानशिलावर कुठेही जातो. शिवाय जवळच्या माणसासाठी भाता लांब ताणावा लागतो, आणि भाता जितका लांब तितका फिल्मपर्यंत पोचणारा उजेड कमी. ३०० मिलिमीटरची लेन्स दीड मीटरवर फोकस केली की भाता ३७५ मिलिमीटरपर्यंत जातो, आणि उजेड दीडपटीहून थोडा जास्त द्यावा लागतो. सावलीतला मऊ उजेड मला आवडतो, पण तिथे ४०० आयएसओच्या, म्हणजे कमी उजेडातही चालणाऱ्या फिल्मलाही एफ/१६ ला सेकंदाचा पंधरावा भाग सहज लागतो. तेवढ्या वेळात डोळा लवतो, मान हलते.

फोकस निसटू नये यावर जुना उपाय आहे दोरीचा. कॅमेऱ्याला एक दोरी बांधायची, तिला गाठ मारायची. फोकस लावताना समोरच्या माणसाने गाठ डोळ्याजवळ धरायची. होल्डर घालून झाला की पुन्हा एकदा ताणून अंतर तेच आहे ना बघायचं आणि दोरी सोडून द्यायची. मला ही दोरी फार आवडते. ती हातात घेतली की माणूस एकदम कामाला लागतो. मघापर्यंत तो ‘माझा फोटो काढतायत’ अशा पवित्र्यात असतो. गाठ डोळ्याशी धरल्यावर त्याला कळतं की फोटो बिघडायचा असेल तर तो आपल्याकडूनही बिघडू शकतो. ‘आता ठीक आहे का?’ असं मग तोच विचारतो.

स्थिर उभं राहणं आणि फोटोत येणं यांचं नातं छायाचित्रणाइतकंच जुनं आहे. १८३८ च्या सुमारास छायाचित्रणाच्या जनकांपैकी एक असलेल्या दागेरने पॅरिसमधल्या बुलेव्हार द्यु तांप्ल या हमरस्त्याचं चित्र आपल्या खिडकीतून घेतलं. एक्सपोजर, म्हणजे प्लेटवर उजेड पडू देण्याचा वेळ, काही मिनिटांचा. रस्त्यावर माणसं असणार, घोडागाड्या असणार, पण चालणारं सगळं त्या प्लेटवरून पुसलं गेलं. राहिला एका कोपऱ्यातला माणूस, बूट पॉलिश करून घेण्यासाठी एक पाय वर ठेवून उभा असलेला. छायाचित्रात दिसणाऱ्या पहिल्यावहिल्या माणसांत त्याची गणना होते. तो कोण हे कुणालाच ठाऊक नाही. तो दागेरसाठी उभा राहिला नव्हता, त्याला वर खिडकी आहे हेही माहीत नसणार. पण इतर सगळे गेले आणि तो उरला, ते एका जागी उभा राहिल्यामुळे. माझ्यासमोर जे उभे राहतात त्यांना खिडकी माहीत असते. हा फरक मला मोलाचा वाटतो.

एकदा एका बागेच्या कठड्यापाशी एक गृहस्थ आणि त्यांची मुलगी थांबली. मुलगी सोळा-सतराची असेल. प्रश्न तिचे होते, हो-नाही करत उभे होते ते वडील. फोटोला ते तयार झाले ते तिच्या आग्रहाने, आणि तयार झाल्याबरोबर ताठ झाले. हनुवटी वर, छाती पुढे, हात शिवणीला चिकटलेले. ओळखपत्रासाठी आपण सगळेच असे उभे राहतो. मी त्यांना काही सुचवलं नाही. माणसाला ‘मोकळे व्हा’ म्हटलं की तो आणखी आवळला जातो. फोकस लावून झाल्यावर मुलीला विचारलं, बघायचंय का? ती कापडाखाली शिरली आणि काही क्षण काहीच बोलली नाही. मग आतूनच म्हणाली, “बाबा, हलू नकोस ना. तू इतका छान दिसतोयस.” आणि जरा थांबून, “उलटा आहेस, पण छान दिसतोयस.”

वडिलांना ती दिसत नव्हती. त्यांना दिसत होतं काळं कापड आणि त्याखाली तिचे बूट. पण ते तिच्यासाठी उभे राहिले. ताठपणा गेला असं म्हणता येणार नाही, पण त्याचा रोख बदलला. उजव्या हाताने त्यांनी कोटाचं मधलं बटण धरलं, लावायचं की काढायचं हे न ठरल्यासारखं, आणि हात तिथेच राहू दिला. मुलगी बाहेर आली, माझ्या शेजारी उभी राहिली. मी होल्डर घातला, स्लाईड काढली. ते अजून कापडाकडेच बघत होते. मग त्यांनी नजर वर करून तिच्याकडे पाहिलं आणि मी बटण दाबलं.

हा फोटो ‘पोज दिलेला’ आहे. त्यात अवचित पकडलेलं काही नाही. आणि तरी माझ्या मते त्या माणसाबद्दल तो जितकं सांगतो तितकं दहा पावलांवरून नकळत काढलेला फोटो सांगू शकला नसता. माणूस बेसावध असतो तेव्हाच खरा असतो, हा समज आपल्यात फार पक्का रुजलाय. सावध माणूस म्हणजे मुखवटा, बेसावध माणूस म्हणजे चेहरा. मला हे पटत नाही. बेसावध चेहऱ्यावर बरेचदा काहीच नसतं, माणूस गाडीची वाट बघत असतो एवढंच. आपण त्यावर एकटेपणा, थकवा, दुःख असं काय काय चढवतो. उलट, माझ्याकडे कुणीतरी नीट बघणार आहे हे माहीत असताना माणूस स्वतःला कसा सादर करतो, कॉलर सारखी करतो की नाही, हात कुठे ठेवतो, काय लपवतो, कशाचा अभिमान बाळगतो, हे सगळं त्याचं स्वतःचं असतं. मुखवटा म्हणा हवं तर, पण तो त्याने स्वतः निवडलेला आहे आणि त्या निवडीत तो पुरेपूर दिसतो.

ऑगस्ट सांडर या जर्मन छायाचित्रकाराने आयुष्यभर हेच केलं. समाजातल्या सगळ्या थरांतल्या माणसांचे फोटो काढायचे, शेतकऱ्यापासून कारखानदारापर्यंत, असं त्याने मनाशी धरलं होतं. १९२५ मध्ये लायका हा लहान कॅमेरा बाजारात आला, खिशात मावणारे कॅमेरे रूढ झाले, तरी त्याने मोठा कॅमेरा आणि काचेच्या प्लेट सोडल्या नाहीत. त्याचा १९२८ सालचा केक-पेस्ट्री करणारा हातात भांडं घेऊन उभा आहे, आणि विटा वाहणारा मजूर त्याच वर्षीचा, खांद्यांवर विटांची चळत पेलून. दोघेही कॅमेऱ्याला तोंड देऊन उभे आहेत. ‘हा मी, आणि हे माझं काम’ असं ते म्हणतात. सांडरने त्यांना हसवलं नाही, रडवलं नाही, त्यांची कीव केली नाही. त्याचं ६० फोटोंचं पहिलं पुस्तक १९२९ मध्ये निघालं. १९३६ मध्ये नाझींनी त्याच्या शिल्लक प्रती आणि छपाईचे ठसे नष्ट केले. त्या राजवटीला माणसांचे ठरावीक साचे हवे होते. सांडरच्या फोटोंत प्रत्येक जण आपापल्या पायावर उभा होता.

वॉकर इव्हान्स या अमेरिकन छायाचित्रकाराचं उदाहरण मला याहून विचारात पाडतं, कारण त्याने दोन्ही केलं. १९३६ मध्ये अलाबामात एका खंडकरी शेतकऱ्याच्या बायकोचा फोटो त्याने ८×१० च्या कॅमेऱ्याने काढला. लाकडी फळ्यांची भिंत, तिच्यापुढे ती, ओठ आत घेतलेले, नजर सरळ. तिचे एकाहून अधिक निगेटिव्ह आहेत आणि प्रत्येकात चेहरा थोडा वेगळा आहे. दोनच वर्षांनी हाच इव्हान्स न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत कोटाच्या आत लहान कॅमेरा दडवून, बाहीतून केबल नेऊन, समोरच्या बाकावरच्या माणसांचे फोटो काढत होता. ते त्याने पुस्तकरूपात आणले ते थेट १९६६ मध्ये. भुयारी रेल्वेतले फोटो सुंदर आहेत, मी ते पुन्हा पुन्हा बघते. पण त्यात इव्हान्स बघतोय आणि माणसं बघितली जातायत. फळ्यांच्या भिंतीपुढची बाई मात्र इव्हान्सकडेही बघतेय, आणि त्याच्याविषयी तिचं काहीतरी मत झालेलं आहे. ते मत काय, हा प्रश्न त्या फोटोतून कधीच सुटत नाही, आणि त्यामुळेच तिच्यासमोरून हलवत नाही.

मोठ्या कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिलेल्या माणसाचा चेहरा ठरावीक टप्प्यांतून जातो, निदान मला तसं दिसत आलंय. पहिला चेहरा फोटोचा, सगळ्यांना माहीत असलेला. तो फार वेळ धरून ठेवता येत नाही. मी कापडाखाली खटपट करत असते, तेवढ्यात हसू सुकतं. मग थोडी चुळबुळ, इकडेतिकडे बघणं, ‘झालं का?’ मग एक वेळ येते की माणसाला कंटाळायचाही कंटाळा येतो आणि तो नुसता उभा राहतो. हा तिसरा टप्पा मला हवा असतो. त्यात पोज पूर्ण गेलेली नसते, पण तिच्यातली धाप गेलेली असते. लहान कॅमेऱ्यात इथवर पोचायला फोटोग्राफरला गप्पा माराव्या लागतात. मोठा कॅमेरा हे काम आपल्या संथपणानेच करतो.

नेदरलँड्सच्या रिनेके डाइकस्ट्राने १९९२ पासून वेगवेगळ्या देशांच्या समुद्रकिनाऱ्यांवर किशोरवयीन मुलामुलींचे फोटो काढले, ४×५ च्या कॅमेऱ्याने, पोहण्याच्या कपड्यांत, मागे समुद्र आणि आकाश. त्या वयात आपलं शरीर आपल्यालाच नवं असतं. एक पाय कुठे ठेवावा, हाताचं काय करावं, हे ठरवता ठरवता ती मुलं जशी उभी आहेत ते बघून मला माझं ते वय आठवतं. आणि अमेरिकेची ज्युडिथ जॉय रॉस. तिने १९८३-८४ मध्ये वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम युद्धस्मारकाला आलेल्या माणसांचे फोटो ८×१० वर काढले. स्मारक फोटोत जवळजवळ दिसतच नाही. दिसतात ते नुकतेच त्या भिंतीवरची नावं वाचून आलेले चेहरे. अशा वेळी एखाद्याला थांबवून, तिपाई लावून, कापडाखाली जायचं धैर्य मला झालं असतं का, सांगता येत नाही. पण त्या चेहऱ्यांवर नाराजी नाही. कुणीतरी आपल्यासाठी एवढा वेळ काढतंय हे त्यांना जाणवलं असावं असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू. मोठा कॅमेरा उघड असतो, परवानगी घेऊन वापरला जातो, म्हणून तो आपोआप न्यायाचा ठरतो असं मी मानत नाही. ‘हो’ म्हणताना माणसाला नेमकं काय माहीत असतं? जुना कॅमेरा बघून गंमत वाटलेली असते, समोरची बाई सभ्यपणे बोलतेय, वेळ आहे. त्या फोटोत आपण कसे दिसणार आणि तो पुढे कुठे लागणार, याची त्याला कल्पना नसते. अमेरिकन छायाचित्रकार रिचर्ड अॅव्हेडनने १९७९ ते १९८४ मध्ये अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या खाणकामगारांचे, भटक्यांचे, हॉटेलात काम करणाऱ्यांचे फोटो ८×१० वर काढले. सावलीत पांढरा कागद टांगायचा, माणसाला त्याच्यापुढे उभं करायचं आणि स्वतः लेन्सला खेटून उभं राहायचं, अशी त्याची रीत. १९८५ मध्ये ते टेक्सासमधल्या फोर्ट वर्थच्या संग्रहालयात लागले, कित्येक माणसाच्या उंचीहून मोठे. हो सगळ्यांनीच म्हटलं होतं. तरी पांढऱ्या कागदाने त्यांचं गाव, घर, काम सगळं काढून घेतलं आणि कोळशाची धूळ तेवढी ठेवली, असा आक्षेप तेव्हाही घेतला गेला. मला ते फोटो थोर वाटतात आणि आक्षेपही खरा वाटतो. दोन्ही एकत्र बाळगण्यावाचून इलाज नाही.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगने १९३६ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या वाटाणे तोडणाऱ्यांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. तिचा कॅमेराही ४×५ चा, पण हातात धरायचा. भेट काही मिनिटांची, नाव विचारलं नाही असं तिनेच पुढे सांगितलं. तो चेहरा साऱ्या जगाला पाठ झाला. ती बाई, फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्सन, कोण हे १९७८ मध्ये उजेडात आलं, तेव्हा त्या फोटोतून आपल्याला काहीच मिळालं नाही ही खंत तिने बोलून दाखवली. काही वर्षांनी ती आजारी पडली, मुलांनी मदतीचं आवाहन केलं, आणि लोकांनी पैसे पाठवले ते त्याच फोटोच्या आठवणीने. निगेटिव्हच्या आकाराने यातलं काहीच ठरलं नाही.

कायदा इथे थोडंफारच सांगतो, आणि प्रत्येक देशात वेगळं सांगतो. जर्मनीत १८९८ मध्ये माजी चान्सलर बिस्मार्क वारला तेव्हा दोन छायाचित्रकार रात्री त्याच्या खोलीत घुसून मृतदेहाचा फोटो काढून निसटले. त्या प्रकरणाच्या धक्क्यातून पुढे १९०७ चा कायदा आला, आणि काही अपवाद सोडता माणसाचं चित्र त्याच्या संमतीशिवाय प्रसिद्ध करता येणार नाही हे त्यात लिहिलं गेलं. इतर अनेक ठिकाणी सार्वजनिक जागी फोटो काढायला कुणाची परवानगी लागत नाही. ज्या देशात काम करायचं तिथलं बघून घ्यावं. पण परवानगी लागत नाही म्हणून विचारायचंच नाही, हे माझ्या गळी उतरत नाही.

म्हणून मी माझ्यापुरतं ठरवून घेतलंय. झोपलेल्या माणसाचा, नशेत असलेल्याचा, रडत असलेल्याचा फोटो काढत नाही. मुलं एकटी असतील तर काढत नाही, त्यांनी कितीही गळ घातली तरी. ज्याला नाही म्हणणं अवघड जाईल त्याला विचारतच नाही, म्हणजे दुकानात माझ्यासमोर काम करत असलेला नोकर, मालक शेजारी उभा असताना. आणि ‘हो’ ऐकल्यावर ट्रायपॉड लावायला मी घाई करत नाही. त्या दोन-चार मिनिटांत माणसाचं मन बदलू शकतं, बदलतंही, आणि तो मान हलवून निघून जातो. जाऊ द्यावं. तेवढी फट ठेवली नाही तर त्या ‘हो’ला अर्थ राहत नाही.

नकार पुष्कळ येतात. काही जण हात जोडून, काही नुसते पावलं वेगात टाकून. एका बाईंनी नकार देऊनही बराच वेळ उभं राहून कॅमेरा कसा चालतो ते विचारून घेतलं, काचेत समोरची झाडं उलटी बघितली आणि जाताना म्हणाल्या, “झाडांचा काढा ना, ती कुठे जाणारेत?” त्यांचा चेहरा मला आजही हवा आहे. पण तो त्यांचा, आणि त्यांनी तो दिला नाही.

मग फिल्म धुणं, म्हणजे डेव्हलपर, स्टॉप बाथ, फिक्सर ही रसायनं आणि पाणी. या कामात फार सांगण्यासारखं नाही. अंधारात नीट हात चालवायचे आणि तापमान सांभाळायचं. खरी गाठ पडते ती निगेटिव्ह वाळल्यावर, उजेडाच्या पेटीवर ठेवून भिंगाने बघताना. त्या वडिलांच्या निगेटिव्हमध्ये कोटाचं ते मधलं बटण इतर बटणांहून वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने शिवलेलं दिसलं. टाके दाट, एकावर एक चढलेले. शिवणाऱ्याला पुन्हा तुटू द्यायचं नव्हतं. बोटं नेमकी त्यावर होती. तिथे उभी असताना मला ते दिसलं नव्हतं. हे बटण कुणी शिवलं हे मला माहीत नाही आणि त्यावरून गोष्ट रचायचाही मला अधिकार नाही. पण त्या माणसाने स्वतः उभं राहून, हात तिथे ठेवून, ते मला बघू दिलं. नकळत काढलेल्या फोटोत हेच बटण दिसलं असतं तर मी भिंग बाजूला ठेवलं असतं. पाहण्याचा हक्क आणि पाहू दिलं जाणं यातलं अंतर मला उजेडाच्या पेटीवरच सगळ्यात जास्त जाणवतं.

ज्यांनी पत्ता दिला त्या सगळ्यांना मी प्रिंट पाठवते. ४×५ चा मोठा करून, ८×१० असेल तर निगेटिव्ह कागदाला टेकवून काढलेला काँटॅक्ट प्रिंट, तेवढ्याच आकाराचा. पाकिटात जाड पुठ्ठा घालते. सोबत चिठ्ठी असते की हा फोटो मी कुठे दाखवू शकते का, आणि नको असेल तर तसं कळवा. उशीर होतो, कधी फार उशीर होतो, पण पाठवल्याशिवाय तो फोटो पुरा झाला असं मला वाटत नाही. उत्तरं येतात. कुणी आवडलं म्हणून कळवतं, कुणी कपाळाला आठ्या का दिसतात विचारतं, कुणी ‘कुठेही दाखवू नका’ एवढंच लिहितं. अशा निगेटिव्ह मी वेगळ्या डब्यात ठेवल्यात. त्यातले दोन-तीन माझ्या उत्तम कामांपैकी आहेत आणि ते त्या डब्यातच राहतील.

त्या मुलीचं पत्र अलीकडेच आलं. बाबांना फोटो आवडला नाही, म्हणे मी इतका म्हातारा कधी झालो. दाखवायला मात्र त्यांची हरकत नाही. आईने तो दिवाणखान्यात लावलाय आणि आत्याला एक प्रत हवी आहे, जमेल का, असं तिने विचारलंय. कागद आणून ठेवलाय, रविवारी ती प्रत काढते.